माहेरी माझ्या नावाची पाटी

मी एकोणिसाव्या वर्षी मेले. आजार विषमज्वर, दिवस सप्टेंबरचा नववा, ठिकाण थोरल्या बहिणीचं सासर. गावच्या कचेरीत असं लिहून ठेवलंय, आणि कचेरीत एकदा लिहिलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही खोडता येत नाही. आता साठी जवळ आली तरी मी इथे हवाईत बसून मुळ्याचं लोणचं चावते आहे, ते दात माझेच आहेत, पण कचेरीला त्याचं काय?

खरी मेली ती मिसाओ, माझी ताई. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचं लग्न फोटोवर ठरलं होतं. जपानातल्या आमच्या बेटावर तेव्हा निम्म्या पोरींची लग्नं तशीच व्हायची. मुलगा हवाईच्या उसाच्या मळ्यात, त्याचा फोटो इकडे यायचा, मुलीचा तिकडे जायचा. दोन्हीकडून होकार आला की कचेरीत जाऊन मुलीचं नाव मुलाच्या घराण्याच्या नोंदीत चढवायचं. चढलं की ती बायको झाली, मग नवरा समुद्रापलीकडे का असेना. पण नाव नोंदीत सहा महिने लोणच्यासारखं मुरल्याशिवाय सरकार परवाना द्यायचं नाही. तेवढे सहा महिने मुलीने सासरी जाऊन राबायचं आणि तोंड न पाहिलेल्या नवऱ्याला पत्रं लिहायची.

ताई शाळा शिकलेली. तिने नवऱ्याला, सेन्तारोला, नऊ पत्रं लिहिली. मी चुलीपुढची, मला जेमतेम नाव लिहिता यायचं. त्याची उत्तरं ताई माहेरी यायची तेव्हा मला वाचून दाखवायची. मी भाजी निवडत ऐकायची आणि दुसरीकडे बघायची. फोटोतल्या माणसाचे कान मोठे होते आणि ओठ हसू दाबल्यासारखे. हे मी आज सांगते, कारण पुढे सगळे म्हणतील की बिचारीला ढकललं. मला कोणी ढकललं नाही. मला तो फोटो आवडला होता.

पाचव्या महिन्यात ताईला ताप आला. सासूबाईंनी मला निरोप धाडला, मी डोंगर ओलांडून तिच्या सासरी गेले. अठरा दिवस मी तिच्या उशाशी होते. तापात पाणी म्हणजे विष, असं सासूबाईंचं मत. ओला बोळा ओठांवरून फिरवायचा, बस. ताई पाणी मागायची. शेवटी शेवटी तिला दुसरा शब्दच उरला नव्हता. हंडा चार हातांवर होता, सासूबाई तांदूळ धुवायला बाहेर गेल्या होत्या, आणि मी उठले नाही. सासूबाईंची भीती वाटली म्हणून उठले नाही. संध्याकाळपर्यंत ताई गेली.

बाबा आले. रडून झालं. मग सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि बाबांसमोर चहा ठेवला.

"तुम्ही आम्हाला मुलगी दिली होती," त्या म्हणाल्या.

"दिली होती," बाबा म्हणाले. "देवाने नेली, त्याला मी काय करू?"

"तिकडे माझा पोरगा बत्तीस वर्षांचा झाला. आता नवी मुलगी शोधा, नवं नाव चढवा, पुन्हा सहा महिने थांबा. तोवर तिकडचा कायदा बदलला म्हणजे? मिसाओचं नाव मुरलेलं आहे, परवाना महिन्यात येईल. या दोघींचं तोंड एका साच्यातलं. कचेरीत अजून कोणी कळवलेलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोण मेली, तेवढं फक्त आपण ठरवायचंय."

बाबांनी चहा तसाच बाजूला सारला. मग मला म्हणाले, "नुई, तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं."

पोरीच्या जातीने असंच म्हणायचं असतं, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पण माझ्या मनात तेव्हा ते ओठ होते, हसू दाबलेले. ताईचं अंग अजून पुरतं थंड झालं नव्हतं.

आमच्याकडे एरवी पुरतात, पण तापाचं प्रेत, म्हणून जाळलं. माहेरी मडक्यातून राख गेली, आणि राखेला तोंड नसतं. गावाला कळलं की बहिणीची सेवा करता करता नुईने ताप घेतला, मिसाओ वाचली, नुई गेली. बाबांनी रीतीप्रमाणे देवघरात, गेलेल्याची बसवतात तशी, माझ्या नावाची लाकडी पाटी बसवली. सासूबाईंनी मला महिनाभर घरात कोंडून ठेवलं, शेजारणींना म्हणाल्या, सून आजारातून उठलीय, उजेड सोसत नाही. मग एक दिवस परवाना आला, आणि मी मिसाओ म्हणून कोबेच्या बंदरातून बोटीत चढले.

बोटीवर आम्ही तीस-पस्तीस नवऱ्या होतो. सगळ्यांच्या कमरपट्ट्यात एकेक फोटो. होनोलुलुला उतरल्यावर काय रडारड झाली, विचारू नका. फोटोत पोरगा आणि धक्क्यावर म्हातारा, फोटोत सूट आणि अंगावर चिंध्या. एक तर जमिनीवर बसलीच, म्हणाली मी परत जाते, पोहत जाते. माझा नवरा मात्र फोटोत होता तस्साच. तेच कान. तेच ओठ. त्याच्यात खोट नव्हती. खोट माझ्यात होती.

"समुद्राची फार भीती वाटली का गं?" हे त्याचं मला पहिलं वाक्य.

मी बोचकं खाली ठेवून वर बघितलं.

"तिसऱ्या पत्रात लिहिलं होतंस ना, समुद्राकडे बघितलं की पोटात गोळा येतो म्हणून. मी रोज म्हणायचो, एवढे दिवस बोटीत ही कशी काढणार."

मी लहानपणापासून कालवं काढायला बुडी मारणारी. बोटीवर सगळ्या ओकत होत्या तेव्हा मी दोन जणींचं जेवण एकटीने जेवले होते. पण मी मान खाली घातली आणि म्हटलं, "वाटली."

झालं. त्या एका शब्दापायी मी या बेटावर अडतीस वर्षं पाण्यात पाय घातला नाही. रविवारी मळ्यातल्या सगळ्या बाया पोरं घेऊन किनाऱ्यावर जायच्या, शिंपले वेचायच्या, गुडघाभर पाण्यात खिदळायच्या, आणि मी वर झाडाखाली बसून डबे राखायची. सेन्तारो माझ्या शेजारी येऊन बसायचा, का तर मला एकटीला भीती वाटेल.

माणूस सोन्यासारखा होता, हीच तर पंचाईत. इतर नवरे प्यायचे, जुगार खेळायचे, बायकांवर हात टाकायचे. मळ्याच्या वस्तीत आमच्या ओळीतल्या दोन बाया तर दुसऱ्याचा हात धरून पळूनही गेल्या. सेन्तारोला एकच व्यसन होतं. रविवारी अंघोळ झाली की तो पत्र्याचा डबा उघडायचा आणि ती नऊ पत्रं वाचायचा. मोठ्याने. मधेच माझ्याकडे बघून हसायचा.

"आता का नाही लिहीत तू असं काही?"

"आता समोर बसलेय की. पत्र कोणाला लिहू?"

"तरी पण. काय छान लिहितेस. बोलताना अशी बोलत नाहीस."

"पाचट काढून काढून हात सोलवटलेत, तोंडही सोलवटलं असेल."

तो हसायचा. मी उठून चुलीकडे जायची. उसाचं वाळलेलं पान हाताला कापतं तसं ते मला कापायचं. सवत परवडली, तिच्याशी निदान भांडता तरी येतं. ही घरात असून दिसत नव्हती, आणि नवरा तिच्यावर लुब्ध होता. रोजचा भात माझा, धुणं माझं, कूस माझी, आणि प्रेम तिच्यावर. मला एकच धास्ती होती, रात्रंदिवस एकच. याला कळलं की पत्रांतली बाई राख झालीय, तर हा माझ्याकडे कोणत्या नजरेने बघेल?

आणि ती होती, बरं का. ताई. माझ्या डोक्याचा खेळ म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. आमच्यात मेलेल्याला नावाने बोलावतात. ओबोनच्या तीन दिवसांत घरोघरी दिवा लावायचा, नाव घ्यायचं, या म्हणायचं, भात वाढायचा, पाणी ठेवायचं. मेलेलं माणूस आपलं नाव ऐकून आपल्या घरी येतं. ताईचं नाव कोण घेणार? ती कुठे मेलीच नव्हती. माहेरी पाटी माझी, सासरी ती हवाईला गेलेली सून. तिला जायला घर नव्हतं, म्हणून ती माझ्यामागे आली.

दिसली अशी कधी नाही. पण सेन्तारोने "मिसाओ" अशी हाक मारली की मी वळायच्या आधी माझ्या पाठीशी कोणीतरी वळायचं. बाही हलावी एवढा वारा. तो पत्रं वाचायला बसला की खोलीत तापाचा वास यायचा, तो गोडसर, कुजका. आणि पाणी. सकाळी भरलेला हंडा दुपारी चार बोटं उतरलेला असायचा. घरात आम्ही दोघंच, दोघंही मळ्यावर. शेजारीण म्हणायची, हंडा गळका असेल. तीन हंडे बदलले मी.

मग मी चोरून तिला पाणी ठेवायला लागले, मोरीमागे, केळीच्या बुंध्याशी. पण नैवेद्य नावाने दाखवावा लागतो. ताई म्हणावं तर जगात ताया लाखो, कुठली येईल? आणि "मिसाओ, पाणी घे," असं म्हटलं की ते मला मीच म्हटल्यासारखं व्हायचं. एकदा तर म्हटलं, आणि वाटी उचलून मीच घटाघटा पिऊन टाकली. नंतर तिथेच बसून ओकले.

ओबोनमध्ये माझे हाल वेगळेच. तिकडे बाबा दारात दिवा लावून म्हणत असणार, नुई, ये. त्या तीन दिवसांत माझा पाय घरात ठरायचा नाही. मळ्यात पाचट काढताना हात थांबायचे आणि मी मधली सरी सोडून सरळ पश्चिमेला चालायला लागायची. एकदा मुकादमाने घोड्यावरून येऊन मला बांधावर अडवलं तेव्हा मी शुद्धीवर आले. माहेरची हाक आणि तीही मेल्यावरची, कशी मोडायची?

तिसऱ्या वर्षीच्या ओबोनला ते घडलं.

मळ्यातल्या मजुरांच्या कॅम्पच्या मोकळ्या जागेत ढोल लागला होता, कंदील टांगले होते, आणि आम्ही बाया गोल करून नाचत होतो. हात वर, हात खाली, एक पाऊल मागे. त्या आठवड्यात बोटीने तीन नव्या नवऱ्या आल्या होत्या. त्यातली एक, योने नावाची, गोलात माझ्या समोर आली. मी ओळखलं. आमच्या माहेरच्या आळीतली, कोपऱ्यावरच्या घरातली. मी निघाले तेव्हा सोळाची होती. मी तोंड फिरवलं, पण गोल फिरत फिरत पुन्हा समोर येतोच, नाच तो.

"नुईताई!"

ढोलावर तिचा आवाज चढला. मग ती मटकन खाली बसली, डोक्यावर हात घेतले आणि बुद्धाचं नाव घ्यायला लागली. ढोल थांबला.

"ही मेलीय," ती रडत म्हणाली. "मी हिच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या श्राद्धाला जेवून आलेय. मी उदबत्ती लावलीय हिच्या पाटीला. ओबोनसाठी आलीय ही, नाचात मिसळलीय, कोणी हात धरू नका हिचा."

माझ्या दोन्हीकडच्या बायांनी हात सोडले. काय सांगू, त्या क्षणी मलाही पटलं. वाटलं, खरंच की, मीच ती. माझ्या नावाने बोलावलं, मी आले, यात नवल काय?

सेन्तारो गर्दीतून पुढे आला. आता संपलं, मी म्हटलं. पण तो चक्क हसत होता.

"अगं पोरी, नुई ही हिची धाकटी बहीण. ती गेली बिचारी. ही मिसाओ, माझी बायको. बहिणी-बहिणी सारख्या दिसणारच. भुताला पाय नसतात ना? बघ हिचे, चांगले मळकट आहेत."

लोक हसले. योने सरपटत जवळ आली आणि तिने खरोखरच माझा घोटा चाचपला. दोन्ही हातांनी. मग वर बघून म्हणाली, "मिसाओताई?"

मी तोंड उघडलं. ती एक संधी होती. माझं नाव समोर येऊन बसलं होतं, पाय धरून बसलं होतं. नवरा समोर उभा होता, त्याच्या डोळ्यांत बायकोविषयी माया होती.

"हो गं," मी म्हटलं. "मी मिसाओ. नुई गेली."

दुसऱ्यांदा मेले ती अशी, माझ्याच तोंडाने.

योने नंतर माझी माफी मागायला आली, आणि माझ्या एकोणपन्नासाव्या दिवशी कोण काय बोललं ते सगळं मला सांगून गेली. म्हणे, सगळ्या म्हणत होत्या, नुई आळशी होती पण मनाची चांगली. मेल्यावरही आळशी म्हणायचं काही सोडलं नाही मेल्यांनी.

पण सेन्तारोच्या मनाला ते लागलं. म्हणाला, "तुझी सेवा करताना तिचा जीव गेला आणि आपण तिला इथे साधा दिवा लावला नाही. माणुसकी आहे का ही?" त्याने स्वतः लाकूड तासलं, पाटी केली, देवळातल्या स्वामींकडून नाव लिहून आणलं. नुई. रोज सकाळी पहिला भात त्या पाटीपुढे. तो हात जोडायचा आणि म्हणायचा, "नुईताई, तुमच्यामुळे मला ही मिळाली." आणि मला म्हणायचा, "तूही जोड हात."

जोडायचे. रोज. माझ्या नावाला मीच भात दाखवायची, आणि ज्या जिवाने पाणी पाणी करत प्राण सोडला तो मागे मोरीशी उभा. पाच वर्षं, दहा वर्षं. मुलगी झाली, हात्सुए. तिच्या जन्माच्या कागदावर आईचं नाव मिसाओ. मी म्हटलं, घे ताई, हीही तुझीच. बाबा तिकडे गेले, सासूबाई गेल्या. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे संपले, मी एकटी उरले.

मग जपानची आणि अमेरिकेची लढाई जुंपली. आमचे लोक घाबरून घरातलं जपानी जेवढं होतं तेवढं जाळायला लागले, पत्रं, फोटो, झेंडे, पुस्तकं. सेन्तारोने आईचा फोटो स्वतःच्या हाताने चुलीत घातला. ढसाढसा रडला, पण घातला. मी म्हटलं, आता ती पत्रंही जातील. अहो, मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? सकाळी बघते तर डबा जागेवर नाही. त्याने तो कोंबड्यांच्या खुराड्याखाली हातभर खड्डा करून पुरला होता.

"पकडतील," मी म्हटलं.

"पकडू देत," तो म्हणाला. "तुझी पत्रं मी जाळणार नाही."

मी कोंबड्या पुन्हा खुराड्यात हाकलल्या.

अडतीस वर्षांनी त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले. उसाची धूळ, दुसरं काय. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या. मी त्याच्याजवळ बसायची, त्याचा हात माझ्या हातात. बोलायला त्रास व्हायचा तरी गप्प बसायचा नाही.

एके दुपारी तो म्हणाला, "आता तिकडे जायचं. नुईताई भेटेल ना तिकडे?"

मी त्याची उशी नीट केली.

"तिच्यासाठी काही निरोप आहे तुझा? सांगून ठेव, विसरेन नाहीतर."

इतकी वर्षं मी ते दाबून ठेवलं होतं. पण तो जिथे चालला होता तिथे नुई नव्हती. तिथे ताई होती. ती याला धक्क्यावर घ्यायला येणार, हातात काही नसलं तरी नऊ पत्रं तोंडपाठ असणार, आणि पहिलं वाक्य बोलली की याला ओळख पटणार. मग माझं काय होईल? माझ्याविषयी तिच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं, एवढाच विचार केला मी. की आणखी काही होतं? एकदा, मरता मरता का होईना, त्याने माझ्याकडे बघून माझं नाव घ्यावं, असं वाटलं असेल. वाटलंच होतं.

"नुई तिकडे नाही," मी म्हटलं. "नुई इथे बसलीय. तुमचा हात धरून."

मग सगळं सांगितलं. ताप, पाणी, चहा, राखेचं मडकं. मी फोटोकडे बघायची तेही सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता.

"पत्रं?" त्याने विचारलं.

"ताईची. सगळी."

"म्हणजे ती कधी निघालीच नाही."

"नाही."

"मी इकडे वाट बघत होतो आणि ती गेली होती."

"हो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते माझ्यासाठी नव्हतं. बायको गेल्यावर नवरा रडतो तसा तो रडला, आवाज न करता, उशी भिजेपर्यंत. मग त्याने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. झिडकारला नाही, हळूच काढला. चादर ओढून आपले उघडे पाय झाकले. उठून बसायची धडपड केली, मी आधार द्यायला गेले तर हातानेच नको म्हटलं. भिंतीला टेकून बसला आणि माझ्यापुढे वाकून नमस्कार केला, पाहुण्या बाईला करतात तसा.

"नुईताई," तो म्हणाला, "आमच्या घरासाठी तुम्हाला फार त्रास पडला."

रागावला असता तर मी पाय धरले असते. हाकलून दिलं असतं तर दारात बसले असते. पण मेहुणीला द्यावा तसा मान दिला त्याने मला, त्यावर उपाय काय? अडतीस वर्षांनी त्याने माझ्याकडे बघून माझं नाव घेतलं ते असं.

त्यानंतर तो चार दिवस होता. अंग पुसायला त्याने मला जवळ येऊ दिलं नाही, म्हणाला हात्सुएला बोलवा. पाणीसुद्धा तिच्याच हातून घेतलं. पोरीला वाटलं बाबांना भ्रम झालाय. माझी विचारपूस मात्र तो रोज करायचा. तुम्ही जेवलात का, तुम्ही झोपलात का. पाचव्या दिवशी पहाटे तो "मिसाओ" म्हणाला. मी उठले नाही. माझ्या शेजारून कोणीतरी उठलं.

त्या दिवसापासून हंडा उतरला नाही.

एकोणपन्नास दिवसांनी जावयाने दगड बसवला. आमच्याकडे नवरा-बायकोचा एकच दगड. गेलेल्याचं नाव कोरून काळं, आणि मागे राहिलेल्याचं कोरून त्यात लाल रंग भरायचा. मागे राहिलेलं माणूस गेलं की लाल काढून टाकायचा. सेन्तारोच्या नावाला लागून लालभडक अक्षरांत मिसाओ लिहिलेलं. सगळे म्हणाले, छान झालाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचटाचा जुना कोयता घेतला आणि एकटी गेले. टोकाने लाल रंग खरवडायला लागले. रंग ताजा, भराभर निघत होता. कडेची रेघ तेवढी चिकट होती. हात्सुए मला शोधत धावत आली.

"आई! काय करतेस? तू जिवंत आहेस, असं करू नये, अपशकुन असतो."

"मी जिवंत आहे. ही नाही," मी म्हटलं. "हिला मेल्याला एकोणचाळीस वर्षं होतील. हिला मरू दे आता."

मग तिथेच दगडाशी बसून तिला सांगितलं. माझं नाव सांगितलं. रोज ज्या पाटीला भात ठेवत ती लहानाची मोठी झाली, तिच्याशी आपण आत्ता बोलतोय, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिने माझ्या हातातून कोयता घेतला आणि उरलेली रेघ काढली. आता दगडावर दोघंही गेलेले होते, नवरा आणि बायको, शेजारी शेजारी.

हात्सुएने कोयता खाली ठेवला. दगडावर दोनच नावांच्या जागा होत्या, दोन्ही भरलेल्या. माहेरी विचारावं तर तिकडे माझं सगळं कधीच उरकलंय.

"आई," ती म्हणाली, "मग तू गेलीस की तुला कुठे ठेवायचं?"

मी बाहीने दगडावरची लाल भुकटी पुसत होते. पुसून झाल्यावरही तिच्याकडे बघितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.